सप्रेम भेट

आमच्या जुन्नर-आंबेगावात मनातलं लिहून कळवायची रीत नाही. लिहायची मात्र आहे, आणि ती फार जुनी आहे. नाणेघाटाच्या गुहेत नागनिका राणीचा लेख दोन हजार वर्षं टिकून आहे. यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, ते सगळं त्यात चोख मांडलंय. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याची नोंद आहे. एवढ्या लांबचा माणूस. गाव आवडलं, भिक्खूंचा लळा लागला, असं काही खरडायला हवं होतं ना? छे! नाव, आणि टाकी दोन. इथलं पाणी लागलं त्याला.

आम्ही अजून तसेच आहोत. लग्नात मांडवाच्या कडेला बसलेला हिशेबी गृहस्थ आहेर लिहून घेतो: नाव, गाव, रुपये. स्टीलच्या पातेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं ‘सप्रेम भेट’ हा आमच्याकडच्या प्रेमाचा एकमेव लेखी पुरावा, आणि तोही रोज राखेने घासला जातो. मित्रप्रेम म्हणाल, तर ते मंचरच्या नाहीतर आळेफाट्याच्या चौकात फ्लेक्सवर असतं. मजकूर दोन ओळींचा, शुभेच्छुक चाळीस, आणि उत्सवमूर्तीपेक्षा गॉगलच जास्त.

अशा मुलखात मी नारायणगावच्या मित्राला कार्ड लिहायला बसलो. ‘प्रिय’पाशीच अडलो. आम्ही एकमेकांना ज्या नावाने हाक मारतो ते कागदावर येण्याजोगं नाही, आणि ‘प्रिय’च्या पुढे तर मुळीच नाही. ‘सा. न. वि. वि.’ लिहावं, तर सोसायटीची थकबाकीची नोटीस समजून त्याने पाकीट न फोडताच माळ्यावर टाकलं असतं. ‘तुझी मैत्री अनमोल आहे’ असंही लिहून पाहिलं. पण हा टोमॅटोवाला. याने २०२३ च्या जुलैत कॅरेट दोन हजारांच्या वर गेलेलं पाहिलंय, आणि पडत्या भावात माल बांधावर ओतलेलाही पाहिलाय. त्याच्या लेखी अनमोल म्हणजे ज्याला भावच फुटला नाही असा माल.

शेवटी वहीच मांडली. आई दवाखान्यात होती तेव्हा ऐन तोडणी सोडून आलास. चहाचे पैसे कायम तूच दिलेस, एकदा माझ्याकडून उसने घेऊन. रात्रीच्या लायटीला पाणी भरायला गेलो, तेव्हा बिबट्याचं भ्या म्हणून मला घरापर्यंत सोडायला आलास. मग तुला एकट्याला परत जायचं भ्या वाटलं, म्हणून मी तुला सोडायला आलो. उजाडेपर्यंत आपण एकमेकांना सोडतच होतो.

फोन आला.

“पाकीट मिळालं. घरच्यांनी उलटं करून झटकून पाहिलं. आत नुसतंच लिहिलेलं हाय.”

“हो.”

“तब्येत बरी हाय ना?”

“ठणठणीत.”

“पैशे पायजेत का?”

“नकोत रे.”

मग खरी अडचण बाहेर आली. आलेला आहेर फेडावा लागतो. “हे फेडायचं कसं?”

“तूही लिही की.”

पलीकडे बराच वेळ नुसती मोटारीची घरघर ऐकू येत होती. “त्यापरीस,” तो म्हणाला, “एक कॅरेट लावून देतो.”

आलं. वरचा थर एक नंबर मालाचा होता. खाली काय भरलं होतं, ते बाजारात कुणालाही विचारा.