राहुल भेकेला पुढे पाठवा

6 जून 2024 रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्धचा सामना 0-0 असा सुटला, सुनील छेत्रीने 94 आंतरराष्ट्रीय गोल खात्यावर ठेवून राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला आणि भारतीय फुटबॉलप्रेमींना कायमस्वरूपी नोकरी लागली. कामाचं स्वरूप एकच: नऊ नंबरवर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर म्हणून, कोण, हे ठरवणं. या खात्यात आता पंथही तयार झाले आहेत. मनवीरपंथी म्हणतात, उंची बघा. रहीम अलीपंथी म्हणतात, वेग बघा. इरफान यडवाडचे अनुयायी म्हणतात, पोरगा भुकेला आहे, त्याची भूक बघा. ईशान पंडिताचे निष्ठावंत म्हणतात, शेवटची दहा मिनिटं बघा, कारण त्याला त्याहून जास्त वेळ कुणी देतच नाही. आणि एक मोठा, हळवा पंथ असा आहे की ज्याच्या मते छेत्रीलाच परत बोलवावं. हा पंथ वेडगळ म्हणून सोडून द्यावा, तर मार्च 2025 मध्ये खरोखरच छेत्रीला परत बोलावलं गेलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध लिस्टन कोलासोने डावीकडून चेंडू टाकला, बचावपटू पाहत राहिले आणि चाळिशीतल्या गृहस्थाने उडी मारून डोक्याने तो जाळ्यात ढकलला. 95 वा गोल. निवृत्त माणसाच्या जागी भरती झाली ती निवृत्त माणसाचीच. सरकारी कार्यालयांत याला मुदतवाढ म्हणतात.

इतक्या मोठ्या वादात पुराव्याला थोडी जागा द्यायला हरकत नसावी. 2024 या वर्षात भारताने 11 सामने खेळले, एकही जिंकला नाही आणि एकूण 4 गोल केले. वर्षाच्या सुरुवातीला आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाविरुद्धच्या तीन सामन्यांत एकही नाही. सप्टेंबरात घरच्या मैदानावर मॉरिशसविरुद्धही एकही नाही. त्या चारांतला एक छेत्रीची पेनल्टी, एक बगलेवरच्या छांगतेचा, एक अंबरनाथच्या फारुख चौधरीचा आणि एक मुंबईकर राहुल भेकेचा. भेके बचावपटू आहे, हे इथे नोंदवून ठेवा. त्याने तो गोल केला त्या नोव्हेंबर 2024 च्या मलेशियाविरुद्धच्या सामन्यापासून सप्टेंबर 2025 मधल्या ओमानविरुद्धच्या सामन्यापर्यंत भारत 9 वेळा मैदानात उतरला आणि 7 गोल झाले. त्यातले 2 भेकेचे. ताजिकिस्तानविरुद्ध 2-1 असा विजय मिळाला तेव्हा दोन्ही गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन यांचे होते, तेही बचावपटूच. म्हणजे सातांपैकी चार गोल अशा लोकांनी केले ज्यांचं मुख्य काम गोल होऊ न देणं हे आहे. उरलेल्या तिघांत लिस्टन आणि उदांता सिंग हे बगलेवरून खेळणारे, आणि तिसरा तो मुदतवाढवाला. तो सोडला तर ज्यांच्या नावाने पंथ चालतात त्यांच्यापैकी या यादीत कुणीही नाही.

तेव्हा तर्काला धरून निघणारा निष्कर्ष असा की भारताचा सर्वोत्तम स्ट्रायकर भेके किंवा झिंगन आहे, त्यांना पुढे पाठवावं आणि वाद मिटवावा. यावर कुणी हसू नये, कारण हा उपाय एकदा करून झालेला आहे आणि तो लागूही पडला होता. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नैल सिंग हा स्टॉपर बॅक डोक्याला टाके पडलेल्या अवस्थेत होता. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला मागे ठेवण्याऐवजी सरळ आघाडीला उभं केलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2-1 असं हरवून भारताने सुवर्ण जिंकलं. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा टाके घातलेल्या जर्नैलचा. फरक एवढाच की रहीमसाहेबांचा तो डाव होता आणि आपला नाइलाज आहे. त्यांच्याकडे पी. के., चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम असे तिघे पुढे खेळणारे असताना त्यांनी चौथा शोधला. त्याआधी 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये मूळ गोव्याच्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले होते. म्हणजे भारतीय मातीत स्ट्रायकर उगवतच नाही, हे जे अधूनमधून आहार, हवामान आणि उंची यांचे दाखले देत सांगितलं जातं, ते खरं नाही. उगवत होता. मग पेरणं कधी थांबलं?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. इंडियन सुपर लीगचे 2014 पासून 2024-25 पर्यंत 11 हंगाम झाले. प्रत्येक हंगामात सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट दिला गेला आणि एकदाही तो भारतीय पायात गेला नाही. ब्राझीलच्या एलानोपासून सुरुवात झाली. मग कोलंबिया, स्पेन, लिथुआनिया, नायजेरिया, ग्रीस असं भूगोलाचं पुस्तक उलगडत गेलं. गोव्याच्या कोरोने तो लागोपाठ दोनदा नेला. 2024-25 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडच्या मोरक्कन अलाएद्दीन अजाराईने 23 गोल केले. त्याच हंगामात भारतीयांत पहिला कोण? 14 गोलांसह छेत्री, वय 40. आपले तरुण दावेदार त्या वेळी कुठे होते, असा प्रश्न पडेल. ते मैदानावरच होते, पण बाजूला. मनवीर मोहन बागानसाठी उजव्या बगलेवर, विक्रमप्रताप मुंबई सिटीसाठी डाव्या बगलेवर, बाकीचे बहुतेक वेळा बाकावर. क्लबमध्ये वर्षभर बाजूच्या रेषेला घासून धावायचं आणि देशाची जर्सी चढवली की दहा दिवसांत गोलसमोर पाठ देऊन कसं उभं राहायचं, दोन बचावपटूंमध्ये कधी घुसायचं, हे आठवायचं. जे कधी केलंच नाही ते आठवणार कसं, ही शंका पंथांना पडत नाही. नवरा मुलगाच ठरलेला नसताना घोडा पांढरा आणायचा की तांबडा यावर दोन्हीकडच्या मंडळींनी मांडव डोक्यावर घ्यावा, तसा हा वाद चालला आहे.

आता खरी गंमत. हा वाद घालणारा चाहता आणि क्लबचा चाहता हे दोन वेगळे प्राणी नाहीत. तो एकच माणूस आहे. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा मोसम आला की तो आपल्या क्लबच्या मालकाला बजावतो: परदेशी नऊ नंबर आणला नाहीत तर याद राखा. ऑस्ट्रेलियन, स्पॅनिश, ब्राझिलियन, कुणीही चालेल. पस्तिशी ओलांडलेला असला तरी ‘अनुभवी’ म्हणून त्याचे हारतुरे घेऊन विमानतळावर स्वागत होतं. तोच माणूस महिन्याभराने भारताचा सामना बघताना कपाळाला हात लावून विचारतो, एकशे चाळीस कोटींच्या देशात एक स्ट्रायकर मिळू नये? भाऊ, मिळाला असता, पण त्याच्या जागेवर तुझ्याच मागणीनुसार ऑगस्टमध्ये दुसऱ्याची नेमणूक झाली. कोल्हापुरात पेठांच्या तालमींनीसुद्धा आफ्रिकी खेळाडू आणून पाहिले आहेत, तेव्हा हा रोग फक्त बड्या क्लबांचा आहे असंही म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे: परदेशी खेळाडूंमुळे दर्जा वाढतो. वाढतो, मान्य. अजाराईला रोज सरावात अडवणारा भारतीय बचावपटू नक्कीच सुधारत असणार. कदाचित म्हणूनच आपले बचावपटू गोलही करू लागले असतील. पण स्ट्रायकरचा दर्जा स्ट्रायकरला बाकावरून बघून वाढतो, याचा पुरावा अकरा हंगामांत दिसलेला नाही. उलटा पुरावा मात्र ठसठशीत आहे. बहुतेक क्लब गेली काही वर्षं गोलरक्षक म्हणून भारतीयावर भरवसा ठेवतात आणि राष्ट्रीय संघाकडे गुरप्रीतसिंग संधू, अमरिंदर सिंग, विशाल कैथ असे तिघे तयार आहेत. कुणाला वगळायचं ही तिथली अडचण आहे. बगलांचंही तसंच: छांगते, लिस्टन, महेश, उदांता, आशिक, आणखी किती. जिथे क्लब भारतीयाला उभं करतो तिथे देशाकडे माणसं आहेत, जिथे करत नाही तिथे पंथ आहेत.

दुसरा आक्षेप असा की छेत्री याच व्यवस्थेत मोठा झाला. झाला नाही. छेत्री 2002 मध्ये मोहन बागानकडे गेला, 2005 मध्ये क्वेट्टाला पाकिस्तानविरुद्ध पदार्पणातच गोल करून मोकळा झाला. सुपर लीग सुरू झाली तेव्हा तो तिशीचा होता. आणि सुपर लीगमध्ये काय झालं? बंगळुरूने मिकू नावाचा व्हेनेझुएलाचा स्ट्रायकर मध्ये उभा केला आणि देशाच्या सर्वोत्तम गोलवीराला डाव्या बगलेवर धाडलं. तो छेत्री होता म्हणून तिथूनही 2017-18 मध्ये 14 गोल करून गेला. बाकीच्यांनी तिथून काय करावं?

तिसरा आक्षेप पैशाचा. मालक पैसे ओततात, त्यांना जिंकायचं असतं, प्रयोग परवडत नाहीत. हा युक्तिवाद इंग्लंडमध्ये ठीक आहे. तिथे तळाच्या तिघांना खालच्या विभागात ढकलतात आणि कोट्यवधी पाण्यात जातात. सुपर लीगच्या त्या अकरा हंगामांत तळाला राहिला म्हणून एकही क्लब खाली गेलेला नाही. शेवटचा नंबर आला तरी पुढच्या वर्षी तुम्ही त्याच जागी, त्याच ताठ मानेने हजर. नापास करण्याची सोयच नसलेल्या शाळेत प्रयोग परवडत नसेल तर कुठे परवडणार? तळाच्या क्लबने एका बावीस वर्षांच्या पोराला सलग वीस सामने नऊ नंबरवर खेळवलं असतं, तर वाईटात वाईट काय झालं असतं? तो पुन्हा तळालाच राहिला असता, जिथे तो परदेशी स्ट्रायकर घेऊनही राहिलाच.

कुणी म्हणेल, ऑक्टोबर 2025 मध्ये सिंगापूरला रहीम अलीने 90 व्या मिनिटाला गोल करून बरोबरी साधलीच की! साधली, आणि दहा जणांनिशी खेळताना साधली, म्हणून कौतुक दुप्पट. पण तो गोल प्रतिस्पर्ध्याच्या चुकीतून पदरात पडला होता. पाचच दिवसांनी गोव्यात फातोर्ड्याला छांगतेने आघाडी मिळवून दिल्यावरही भारत त्याच सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि 2027 च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरात छेत्रीशिवाय ढाक्याला गेलेला संघ बांगलादेशकडून 0-1 असा हरून आला.

मग नवा पंथ निघाला: आजोळवाल्यांचा. ऑस्ट्रेलियात वाढलेला रायन विल्यम्स याची आई मुंबईची. त्याने ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सोडून भारतीय नागरिकत्व घेतलं. निर्णय धाडसाचा आहे आणि त्याचं स्वागतच करायला हवं. पण आता वंशावळी चाळून जगभरात कुणाची आजी वसईची, कुणाचे आजोबा मडगावचे याचा शोध सुरू होणार असेल, तर फुटबॉल महासंघाने प्रशिक्षकांऐवजी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांना मानधन सुरू करावं. त्यांच्याकडे चोपड्या तयार असतात.

या सगळ्यात लीगचंच काय झालं, हे सांगायचं राहिलं. जुलै 2025 मध्ये व्यावसायिक करार संपत आल्याचं कारण देऊन 2025-26 चा हंगाम थांबवण्यात आला. नव्या भागीदारासाठी निविदा काढली, तर मुदतीत एकही बोली आली नाही. आधीच्या दोन हंगामांत सप्टेंबरात सुरू झालेली लीग वर्षअखेरपर्यंत सुरू झाली नव्हती. देशातला एकही स्ट्रायकर, देशी वा परदेशी, लीगचा सामना खेळत नव्हता, आणि तरीही नऊ नंबरवर कोण हा वाद एक दिवसही थांबला नाही. भारतीय फुटबॉलमधली सातत्याने चालणारी ती एकमेव स्पर्धा.

तेव्हा वाचकहो, विनंती एकच. तुमच्या क्लबने एखाद्या दिवशी परदेशी स्ट्रायकरला बाकावर बसवून आयझॉल, अंबरनाथ किंवा मडगावच्या पोराला मध्यभागी उतरवलं आणि त्याने पहिल्या तीन सामन्यांत एकही गोल केला नाही, तर चौथ्या सामन्याला हुर्यो उडवू नका. तोवर माझं मत भेकेला.