पानिपतातला एक हत्ती

"वहिनी, या जरा अशा कुंपणाशी! आमची धाकटी जाऊ शाळेत सातवीच्या पोरांना सिनेमा काढायला शिकवतेय, माहितीये?"

"सातवीत सिनेमा?"

"अहो, स्टॉप मोशन म्हणतात त्याला. क्लेचा बाहुला जरासा हलवायचा, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा. सेकंदाला १२ फोटो. म्हणजे दहा सेकंदांना १२० झाले की नाही?"

"आणि पोरं बसतात एवढा वेळ?"

"बसतात हो! पहिल्या दिवशी मात्र एका गटाला थेट पानिपतच करायचं होतं, हत्तींसकट. ही म्हणाली, आधी एक खोडरबर टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला न्या. तोंडं एवढीशी झाली सगळ्यांची. रबर गेलं, पण कसं? सुसाट निघालं आणि धाडकन थांबलं. मग हिनं सांगितलं, निघताना कणभर सरकवा, मध्ये जास्त, थांबताना पुन्हा कणभर. तेव्हा कुठे त्या रबरात जीव आला."

"यांच्या शाळेत ना, रोज नवीन खूळ!"

"खूळ कसलं? आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतला वाटाणा उगवताना असाच एकेक चौकट करत टिपला होता. तो दाखवून तर 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं केलं त्यांनी."

"हो का? वाटाण्यावर?"

"वाटाण्यावर! बरं, या पोरांचा पहिला सिनेमा नुसता लुकलुकत होता. खिडकीशी बसलेले, ढग आला की अंधार, गेला की ऊन. मग पडदे ओढले, एकच दिवा ठेवला, मोबाईल चिकटपट्टीनं जखडला, फोकस आणि उजेड लॉक केला. तरी एकानं टेबलाला ढोपर मारलंच. पोरंच ती."

"क्ले कशाला? शाडू काय वाईट?"

"शाडू वाळते, भेगा पडतात. ती तेलातली क्ले वाळत नाही. पण दिव्याखाली मऊ पडते, बाहुला हळूहळू खाली बसतो. म्हणून पोटात तार घालायची. आता खरी गंमत ऐका. एका मुलाच्या आईनं रात्री जागून घरीच बाहुला करून दिला. पागोटं, मिश्या, सगळं रेखीव. पण अख्खा एम-सीलचा! ढिम्म हलेना."

"अगं बाई! मग?"

"मग काय, चौकातला पुतळा केला त्याचा. पोरानं स्वतः केलेला वाकडातिकडा हत्ती येतो, पुतळ्याला वळसा घालतो, हौदावर पाणी पितो. आठ सेकंद. पानिपतातलं तेवढंच उरलं, आणि मला विचाराल तर झकास झालंय."

"पण आई कोणाची ती?"

"नाव नाही हं घेणार मी. दर गणपतीत आपल्या गल्लीत मखराचं पहिलं बक्षीस कोणाला मिळतं? बस. मी काही बोलले नाही."