मेमो येतो वेष पालटून

सुरतेत साध्या वेषात येऊन टेहळणी करण्याची परंपरा जुनी आहे आणि ती मराठी आहे. 1664च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले, त्याआधी बहिर्जी नाईक वेष पालटून शहर हिंडून गेले होते, असे सांगतात. कुणाची पेढी कुठे आणि तिजोरी केवढी हे हेरताना त्यांनी पाठीवर ‘हेर’ अशी पाटी नक्कीच लावली नसणार. तेव्हा पोलिसांनी बिनपट्ट्याच्या, बिनदिव्याच्या साध्या गाडीतून वेग मोजावा का, असा विषय निघाला, तर निदान लिंबायत-उधन्यातल्या मराठी माणसाने तरी ‘हे काही बरं नाही’ म्हणून गळा काढू नये.

पट्टे, दिवा आणि ‘पोलीस’ ही अक्षरे मिरवणारी गाडी वेग कमी करतेच, पण आपल्या अंगणापुरता. डुमस रोडवर ताशी 100ने सुटलेली मोटार सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते. पोलिसांची गाडी 300 मीटरवरून दिसली, तर सज्जन व्हायला दहा-अकरा सेकंद मिळतात आणि सुरतेत याहून कमी वेळात सौदे होतात. पाय ब्रेकवर जातो, कानाचा मोबाइल मांडीवर येतो, सीटबेल्ट ओढून छातीशी धरला जातो. लावला नव्हे, धरला. लग्नात अंतरपाट धरतात तसा. गाडी मागे पडली की अंतरपाट दूर आणि पुन्हा शुभमंगल. समोरून येणारे डिपर मारून ‘मामा उभे आहेत’ अशी वर्दी देतात ते वेगळेच. एरवी एकमेकांना वीतभर जागा न देणारी माणसे एवढ्या एका बाबतीत सख्खे भाऊ होतात. थोडक्यात, दिसणारी गाडी माणसाला वेगमर्यादा शिकवत नाही, गाडी ओळखायला शिकवते.

यावर सभ्य माणसांचा आक्षेप असा, की सरकारने दबा धरून बसणे शोभते का? शोभण्याचे राहू द्या, नियम पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट 2021मध्ये 167-अ हा नियम आला. कॅमेरा किंवा स्पीडगनने ज्या रस्त्यावर नजर ठेवायची, त्याच्या आधी ठळक सूचनाफलक हवा, असे तो म्हणतो. म्हणजे हेराने आधी दवंडी पिटायची! पण मला यात अडचण दिसत नाही. फलक रस्त्याबद्दल बोलतो, गाडीबद्दल नाही. परीक्षेची तारीख जाहीर असते, म्हणून कुणी आदल्या दिवशी प्रश्नपत्रिका मागत नाही. फलकच काढून टाकले तर काय होते, ते ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने पाहिले आहे. तिथे 2020च्या अखेरीस फिरत्या कॅमेऱ्यांपुढचे फलक हटवायचे ठरले, दंडाच्या रकमा फुगल्या, लोक खवळले आणि सरकारला फलक परत आणावे लागले. तेव्हा फलक हत्तीएवढा असावा आणि गाडी मुंगी असावी.

सुरतकर धाकाने सुधारत नाही, हे तर साफ खोटे. 1994च्या प्लेगनंतर, 1995मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना ‘एसी’तून उठवून ‘डीसी’त, म्हणजे रोजच्या फिरतीच्या कामाला, धाडले. साहेब रोज गल्लीत येणार म्हटल्यावर गल्ली झाडली जाऊ लागली. वाहतूक पोलिसांना रोज प्रत्येक रस्त्यावर येणे जमणार नाही, तेवढी माणसे आणायची कुठून? मग ‘येईल’ची जागा ‘असेल’ने घ्यायची. मागून येणारी ती मळकी पांढरी मोटार मामांची असेल, एवढी शंका पुरते.

खरा जड आक्षेप वेगळाच आहे. साध्या गाडीतून उतरून कुणी ‘पोलीस’ म्हणत हात केला, तर तो लुटारू नाही कशावरून? जिथे हिऱ्यांची पुडकी खिशात घालून माणसे हिंडतात, तिथे हे हसण्यावारी नेता येत नाही. म्हणून अशा गाडीने कुणाला अडवूच नये. तिने फोटो काढावा. अडवण्याचे काम वर्दीचे.

पण त्या फोटोवरून दंडाचा मेमो दहा-पंधरा दिवसांनी घरी येणार असेल, तर आजचा वेग कोण थांबवणार? जुलै 2023मध्ये अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर ताशी 140च्या पुढे धावणारी मोटार गर्दीत घुसली आणि 9 माणसे गेली. त्या रात्री कुठलाही फोटो कामाचा नव्हता, हे मान्यच करायला हवे. मात्र असा वेग एका रात्रीत येत नाही, आधी बऱ्याच रात्री तो अंगवळणी पडतो. आणि मेमो चालवणाऱ्याच्या नव्हे, मालकाच्या नावाने निघतो. मालक म्हणजे बहुधा वडील. ते रविवारी सकाळी लोचोची प्लेट बाजूला सारतात, चष्मा पुसतात आणि वाचतात : ठिकाण डुमस रोड, वेळ रात्री साडेअकरा. चिरंजीव त्या वेळी मित्राकडे अभ्यासाला गेलेले होते. मग गाडीची चावी कुठल्या कपाटात गेली, ते हुडकायला घरात बहिर्जीच लागतो.