अणू तारापूरला, काळीज मोखाड्यात

पालघर जिल्ह्यात अणूचा तुटवडा नाही. तारापूरला १९६९पासून त्याच्यावर वीज निघते. मोखाड्यातल्या हृदयाला मात्र रक्तपुरवठ्याच्या तपासणीसाठी थेंबभर किरणोत्सारी टेक्नेशियम हवं असलं, तर नाशिक नाहीतर मुंबई.

या तपासणीची तयारी सोपी. आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, चॉकलेट बंद. फिरत्या पट्ट्यावर चालणं जमणार नसेल तर औषधाने ताण द्यावा लागतो आणि कॅफिन त्या औषधाचा असर मारतं. हा नियम करणाऱ्याने पहाटेची एसटी बिनचहाची, उपाशीपोटी एकदा तरी धरून पाहावी.

मग तो पट्टा. पहिली ३ मिनिटं ताशी २.७ किलोमीटर, चढ १० टक्के. पुढे दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. याला म्हणे ‘ताण’! एप्रिलमध्ये डोक्यावर दोन हंडे घेऊन दरी चढणाऱ्या बाईला हे समजावायला कुणी जाऊ नये.

दम लागला की टेक्नेशियमची सुई. नंतर हात डोक्यावर घेऊन गॅमा कॅमेऱ्यापुढे निपचित पडायचं. रक्त पोचत नाही ती जागा चित्रात फिकी दिसते. (रस्ता कुठे पोचत नाही, हे पावसाळ्यात डोलीच दाखवते.)

टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं. परतताना जव्हारचा घाट चढेपर्यंत अर्धं ओसरलेलं असतं. माणसाचं निराळं सांगायला नको.