फादरांची कमान

"काय गं, आज मिस्सेहून यायला इतका उशीर?"

"मिस्सा वेळेत सुटली, मावशी. बाहेरची चर्चा सुटेना. फादर दिब्रिटोंच्या नावाने कमान बांधायची म्हणतात."

"म्हणजे पाटी आली! नि पाटीवर पुढाऱ्याचं नाव फादरांपेक्षा मोठं."

"रंगसुद्धा ठरलाय म्हणे."

"हो का! मी काही तुमच्या चर्चची नव्हे, पण 'सुवार्ता' मासिक आमच्याही ओटीवर यायचं हो. 1983 पासून 2007 पर्यंत फादर त्याचे संपादक होते. येशूबरोबर आमचे तुकोबाही त्यांच्या बोलण्यात यायचे."

"आणि त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार, तो विसरलात?"

"पुरस्काराचं राहू दे. टँकर आठवतात ना? विहिरीला मोटार लावायची, रात्रंदिवस पाणी उपसायचं आणि नव्या इमारतींना विकायचं. गोडं पाणी संपलं तसं खारं आत शिरलं. आमची पानवेल गेली, केळी खुरटली. विकणारे तरी कोण? काही आपलेच!"

"तेच तर अवघड. परक्याला बोलणं सोपं असतं. रविवारी समोर बसणाऱ्याला, तुझी मोटार बंद कर, हे सांगायला छाती लागते."

"फादरांनी ती दाखवली. हरित वसई संरक्षण समिती काढली, मोर्चे काढले. तेव्हा पाद्र्याने पाण्यात कशाला पडावं, म्हणणारेही होते."

"तेच पुढे 2020 साली उस्मानाबादच्या संमेलनानंतर, आमचे फादर, आमचे फादर करत फिरले! 93 वं साहित्य संमेलन ते. अध्यक्षाच्या खुर्चीवर ख्रिस्ती धर्मगुरू बसायची ती पहिलीच वेळ. विरोध झाला, त्यात पाठीचं दुखणं. पण व्हीलचेअरवरून गेले."

"नंदाखालचा मुलगा गं, 1942 चा जन्म. वसईचं पाणीच तसं. म्हणजे तेव्हाचं."

"2024 च्या जुलैत गेले, तेव्हा तुमच्या आळीतले लोकही आले होते."

"येणारच. विहीर काय जात विचारते?"

"मग कमानीची वर्गणी द्यायची की नाही?"

"एक रुपयासुद्धा नाही. या वईपलीकडचं बावखल बघ, एवढं तळं गाळाने अर्धं बुजलंय. कोणी डेब्रिज टाकून उरलेलं बुजवायच्या आत उपसू या. वर्गणीवाल्यांना हेच सांग, आणि रविवारी मिस्सा सुटली की तुझ्या नवऱ्याला फावडं घेऊन पाठव. आमचे हेही येतील."