सर्वात स्वस्त ब्रशचा ठराव

गृहनिर्माण संस्थेच्या तरणतलावासाठी ब्रश घ्यायचा तर तो लोकशाही पद्धतीने घेतला जातो, आणि तिथेच ब्रशचा घात होतो. पद्धत सर्वांना पाठ आहे. तीन कोटेशने मागवायची, आकडे एका तक्त्यात मांडायचे, सर्वात खालच्या आकड्याभोवती लाल गोल काढायचा, सूचक-अनुमोदक गाठायचे आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहून चहाकडे वळायचे. या साऱ्या कामकाजात तलाव कशाचा बनलेला आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. वास्तविक कोणता ब्रश घ्यायचा हे भिंतीने ठरवायचे असते. खजिनदाराने फक्त पैसे द्यायचे.

भिंतीचे म्हणणे फारसे अवघड नाही. आपल्याकडच्या सोसायट्यांचे तलाव बहुतेक टाइल्सचे. टाइलला नायलॉनचे केस पुरतात; फायबरग्लासला आणि व्हिनाइलच्या अस्तरालाही असाच मऊ ब्रश लागतो. स्टेनलेस स्टीलच्या तारांचा ब्रश असतो तो उघड्या सिमेंट-प्लास्टरच्या तलावासाठी, आणि तिथेही मुख्यतः प्लास्टरच्या छिद्रांत रुतून बसलेल्या काळ्या शेवाळासाठी. पण समितीत तारेला जी प्रतिष्ठा आहे, ती नायलॉनच्या वाट्याला येत नाही. करपलेल्या कढईला तारेची घासणी लागते, मग एवढ्या मोठ्या तलावाला हे मऊ केस काय पुरणार, असा पोक्त सवाल निघतो आणि तार येते. टाइलच्या चकाकीवर ओरखडे उठतात, सांध्यांतला माल उकरला जातो आणि खरबरीत झालेल्या त्या जागेत शेवाळाला पूर्वीपेक्षा ऐसपैस बैठक मिळते. तार साध्या लोखंडाची असली, आणि सर्वात स्वस्त कोटेशनातली तशीच असण्याचा संभव दांडगा, तर तिचे तुटके तुकडे तळाशी गंजून तपकिरी डाग पाडतात. मग डाग घालवण्यासाठी कोटेशने मागवली जातात. तीन.

यावर पहिला आक्षेप रसायनशास्त्राच्या बाजूने येतो: ब्रश हवाच कशाला, क्लोरिन वाढवा. दर लिटर पाण्यात 1 ते 3 मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन आणि 7.2 ते 7.8 च्या दरम्यान पीएच ठेवावा, हे तलाव सांभाळणारा कुणीही सांगेल. पण शेवाळ आणि जिवाणू भिंतीवर चिकट थर धरून त्याच्या आडोशाला राहतात. क्लोरिन वरच्यांना मारण्यातच खर्ची पडतो आणि खालचे पुढच्या कार्यकाळासाठी बिनविरोध निवडून येतात. हा थर फोडून औषधाला आत वाट करून देणे, हेच तर ब्रशचे काम. थर जमतो तोही जिथे पाणी जेमतेम हलते तिथे: पायऱ्यांच्या कोनात, शिडीच्या मागे, भिंत आणि तळ मिळतात त्या कडेला. म्हणून ब्रशची दोन्ही टोके वळलेली हवीत. सरळ पट्टीचा ब्रश कोपऱ्यापर्यंत जातो, कोपऱ्यात शिरत नाही. क्लोरिनवर भिस्त ठेवायची तर एप्रिलच्या कडक उन्हात तो बघता बघता उडतो आणि जुलैचा पाऊस त्याला पातळ करून वर धूळ-पाला आणून टाकतो. (डोळे चुरचुरतात त्याचे खापरही बिचाऱ्या क्लोरिनवर फुटते. खरा त्रास बव्हंशी क्लोरिन घामाशी आणि लघवीशी संयोग पावून जे तयार होते त्याचा असतो, पण हा मुद्दा वार्षिक सभेत मांडायला कोणी धजेल असे वाटत नाही.)

दुसरा आक्षेप रोबोटचा. रोबोट तळ छान झाडतो, दिसतो रुबाबदार आणि सोसायटीच्या माहितीपत्रकात शोभतो. पायऱ्या आणि शिडीमागची जागा बहुधा त्याच्या आवाक्याबाहेर राहते, म्हणजे ब्रश घ्यावा लागतोच.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. तीन कोटेशनांची पद्धत भ्रष्टाचार रोखते. ती सोडली तर उद्या सेक्रेटरीचा मेहुणा ब्रशचा अधिकृत विक्रेता होईल. हे भय निराधार नाही, मेहुण्यांचा इतिहास पाहता तर मुळीच नाही. पण तुलना करायची तर वस्तू एकच हवी. इथे एका कागदावर नायलॉन असते, दुसऱ्यावर तार, तिसऱ्यावर फरशी घासायचा साधा ब्रश, आणि समिती त्यांतला फक्त शेवटचा रकाना वाचते. हे आंबा, बटाटा आणि साबण यांतले स्वस्त काय ते ठरवण्यासारखे झाले. आधी लिहून द्या: नायलॉनचे केस, सुमारे 45 सेंटिमीटर रुंदी, वळलेली टोके, न वाकणारी अॅल्युमिनियमची पाठ, आपल्याकडच्या लांब दांड्यात घट्ट बसणारी खोबण. मग तीन काय, तेरा कोटेशने मागवा. केस फिसकारले की ब्रश बदलायचा, हेही त्याच कागदावर लिहावे, नाहीतर तोच ब्रश पुढच्या निवडणुकीपर्यंत भिंतीला नुसता गोंजारत राहील.

रुंदीचा आकडा मात्र समितीने एकटीने ठरवू नये. रुंद ब्रश एका फेरीत जास्त भिंत घेतो, पण पाण्याखाली तो रेटताना सारा भार खांद्यावर येतो, आणि तो खांदा समितीतल्या कुणाचा नसतो. पूल सांभाळणाऱ्या माणसाला विचारले तर तो दोन मिनिटांत सांगेल, वर कोणत्या कोपऱ्यात शेवाळ आधी धरते तेही सांगेल. तो सभासद नाही, त्याला सभेत बसता येत नाही, असे कोणी नियमावर बोट ठेवून म्हणेल. सभेचा चहा घेऊन तो तसाही आत येतोच. ट्रे खाली ठेवायला सांगावे आणि विचारावे.