मॅटॅडोरवाले भाऊसाहेब

महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाल्यावर एखादी जुनी डिझेल मॅटॅडोर खरेदी करणाऱ्या, आणि तिच्या मागील बैठका काढून त्या जागी दोन पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी व कुलदैवताची तसबीर यांची प्रतिष्ठापना करणाऱ्या गृहस्थांचा एक स्वतंत्र वर्ग नगर जिल्ह्यात नांदत आहे, ही गोष्ट जनगणनेच्या अधिकाऱ्यांच्या नजरेतून निसटलेली दिसते. ह्या वर्गातील प्रत्येकास आळीतली मंडळी भाऊसाहेब म्हणतात. सिद्धटेकचा गणपती, मढीचे कानिफनाथ, नेवाशाचा पैस, शिंगणापूर, शिर्डी अशी क्षेत्रे एकाच जिल्ह्यात असताना लॉजचे भाडे भरणे हा भाऊसाहेबांना सरकारी पैशाचा अपव्यय वाटतो. आता तो पैसा सरकारी राहिलेला नाही, एवढा किरकोळ तपशील त्यांच्या ध्यानी आलेला नसतो.

वाहनशास्त्रातील आपल्या अधिकाराविषयी त्यांना तिळमात्र शंका नसते, कारण तो अधिकार स्थानमाहात्म्याने प्राप्त झालेला असतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्यास गेली. रणगाड्यांवरचे जवान घडविणारे चिलखती दलाचे केंद्र नगरास. लष्करी वाहनांची कसोटी पाहणारी संरक्षण खात्याची संस्थाही नगरासच. तेव्हा ह्या गावचे पाणी प्यालेल्या माणसाने इंजिनाचे ज्ञान वेगळे संपादन करण्याचे प्रयोजनच उरत नाही, अशी त्यांची धारणा असते. (ती पहिली गाडी जूनमध्ये सुटली, पौषात नव्हे, हे मात्र ते कोणास सांगत नाहीत.)

पौषातल्या पहाटे, पारा दहा अंशांच्या खाली उतरलेला असताना, माकडटोपी आणि शाल अशा वेषात भाऊसाहेब चालकाच्या आसनावर विराजमान होतात, किल्ली अर्धी फिरवून हीटर तापत ठेवतात, आणि मागच्या पलंगावरून वहिनींचे भीमरूपी स्तोत्र संपले की सेल्फ मारतात. घुर्र-घुर्र असा आवाज उठतो, आळीतली कुत्री उठतात, एक इंजिन तेवढे उठत नाही. तिकडे शिर्डीस काकडआरती चाललेली असते त्याच सुमारास इकडे भाऊसाहेब रॉकेलात भिजविलेल्या चिंधीचा काकडा पेटवून हवेच्या नळीपाशी धरतात. हा उपचार धोक्याचा आहे, हे त्यांच्या एका भुवईकडे पाहून सहज कळते. शेवटी धक्क्याचा पुकारा होतो. त्या आळीतून पहाटे फिरावयास जाणारांनी आपला मार्ग केव्हाच बदललेला असतो, आणि दूधवाला सायकल अलीकडच्या कोपऱ्यावरच लावतो.

ह्या अनुभवातून भाऊसाहेबांचे भूगोलाचे ज्ञान मात्र विलक्षण सूक्ष्म झालेले असते. इतर लोक घर घेताना दिशा पाहतात, भाऊसाहेब उतार पाहतात. लग्नपत्रिका आली की मुहूर्ताच्या आधी मंगल कार्यालयापुढील रस्त्याचा कल विचारून घेतात. आणि करंजीच्या घाटाविषयी ते ज्या सद्गदित स्वराने बोलतात, तो स्वर मोहटादेवीच्याही वाट्यास क्वचितच येतो.

त्यांना शास्त्र ठाऊक नसते, असे नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. कोंडलेली हवा सुमारे विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाऊन इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. थंडीत ही उष्णता गार लोखंडच शोषून घेते, म्हणून हीटरची योजना. हे सारे ते एखाद्या शासननिर्णयाप्रमाणे कलमवार सांगू शकतात. अडचण कार्यपद्धतीची असते. तक्रार आली असता दोषी कोण याची चौकशी करीत न बसता कोणाची तरी बदली करून प्रकरण निकालात काढावे, ही तीस वर्षांच्या नोकरीत हाडीमाशी खिळलेली शिस्त ते इंजिनासही लागू करतात. त्या न्यायाने प्रथम बॅटरीची बदली झाली. नंतर सेल्फची दुरुस्तीसाठी रवानगी झाली. त्यानंतर चारही हीटर एकाच हुकमाने बडतर्फ झाले. आणि अखेर प्रत्यक्ष डिझेल पंपास कॅलिब्रेशनसाठी पुण्यास पाचारण करण्यात आले. दर बदलीनंतर एखाद-दुसरा दिवस कारभार सुधारल्याचा भास होई, कारण गॅरेजमधून नुकतीच फिरून आलेली गाडी लगेच सुरू होणारच. आणि त्या भासाच्या आधारे भाऊसाहेब दप्तरात 'प्रकरण बंद' असा शेरा मारीत.

तिसऱ्या पहाटे ते प्रकरण पुन्हा दाखल होई.

शेवटी कल्याण रस्त्यावरच्या एका टपरीतील मिस्त्रीस बोलावणे गेले. त्याने बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न केला.

"सेल्फ मारल्यावर धूर निघतो का, भाऊसाहेब?"

"धुराचा येथे काय संबंध? मूळ कारण थंडी आहे."

"पांढरा निघतो, का निघतच नाही?"

"निघत नाही."

"मंग थंडीला कशापायी नाव ठेवता? हीटर गेला असता तर कच्चं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर आलं असतं. हितं डिझेलच पोचंना. उन्हाळ्यात उभी राह्यली तर करती का असंच?"

"करते," भाऊसाहेब क्षणभर विचार करून म्हणाले, "परंतु उन्हाळ्यातली पहाटसुद्धा थंडच असते."

मिस्त्रीने वाद घातला नाही. त्याने पंपावरचा स्क्रू सैल केला आणि फीड पंपाची मूठ अंगठ्याने दाबू लागला. प्रथम ती पोकळ लागत होती. मग स्क्रूपाशी फेस आला, फेसातून बुडबुडे फुटले, बुडबुडे विरळ होत गेले आणि अखेरीस डिझेलची निर्मळ धार त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. स्क्रू आवळून त्याने सेल्फ मारला तो इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. मग टाकीकडून येणारी रबरी नळी त्याने दोन बोटांत वाकवून दाखविली: क्लिपेच्या कडेला, बाहेरून दिसू नयेत अशा, बारीक चिरा. रात्रभर त्यांतून हवा आत शिरे आणि डिझेल मुकाट्याने टाकीत परत जाई. गाडीचे वैर थंडीशी नव्हते. ते रात्रभर उभे राहण्याशी होते. वीतभर नवी नळी आणि दोन क्लिपा एवढ्यावर काम भागले, आणि मिस्त्रीने सांगितलेली रक्कम ऐकून भाऊसाहेबांचा चेहरा पडला. इतक्या क्षुल्लक इसमाने चार वरिष्ठांच्या बदल्या घडवून आणाव्यात, हे त्यांच्या सेवानियमांत बसत नव्हते.

जुनी नळी त्यांनी खाकी पाकिटात घालून मोहोरबंद केली, रीतसर पंचनामा लिहिला आणि पंच म्हणून आमची सही घेतली. नळी प्रथमतः निकामी झाल्याचा दिनांक त्यात पंप पुण्याहून परत आल्याच्या दुसऱ्या दिवसाचा घातलेला होता, जेणेकरून तत्पूर्वीच्या यच्चयावत बदल्या नियमानुसार ठराव्यात. तो कागद लेखापरीक्षणासाठी माजघरात गेला. वहिनींनी चष्मा लावून तो अथपासून इतिपर्यंत वाचला आणि समासात, भाऊसाहेबांच्याच तांबड्या शाईने, 'बॅटरीची पावती जोडावी' असा शेरा मारून परत पाठविला.